फिरतीला बायका नेत नाहीत

माझ्या बापानं मला समुद्र कबूल केला होता. कबूल केला आणि नेलं नाही. लोक म्हणतात वय झालं की राग ओसरतो. मी ऐंशीला टेकले, माझा काही ओसरला नाही. पुढं मी समुद्र पाहिला, एकदा सोडून चारदा पाहिला, आणि त्याबद्दल मला इथं काडीचंही लिहायचं नाही. मला लिहायचंय ते नववीच्या सुट्टीतल्या समुद्राबद्दल. तो मी आखला, मोजला, पंचांगात बसवला, आणि बघायला गेले दुसरेच.

आमचं घर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. सोलापूरच्या मोटारीतनं उतरलेली यात्रेकरू माणसं आमच्या ओसरीवर उतरायची, न्हायची, स्वयंपाक करायची, देवीचं करून परत जायची. प्रत्येक पुजाऱ्याचे यजमान ठरलेले. कुठल्या गावचं कुठलं घर, कुणाचा आजा कधी येऊन गेला, घरात कोण कोण आहे, हे सगळं वह्यांमधे लिहिलेलं असतं. नवरात्र उरकलं की आबा, म्हणजे माझे वडील, देवीचा अंगारा, कुंकू आणि प्रसाद घेऊन त्या यजमानांच्या गावांना जायचे. ह्याला आमच्याकडं फिरती म्हणत. आधी पोस्टकार्डं जायची, मागून आबा जायचे.

ती पोस्टकार्डं मी लिहायची. आबांची शाळा निजामाच्या वेळची, सगळी उर्दूतली. उर्दू ते झरझर लिहायचे, पण मराठी लिहायला बसले की एका ओळीला चहा निवायचा. थोरल्या भावाचं, दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तेव्हा पाचवीपासून घरातला सगळा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात. पत्रं मी लिहायची आणि खाली नाव आबांचं घालायचं. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, उलट मोठेपणा वाटायचा.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. शाळेत नवा नकाशा आला. भूगोलाच्या बाईंनी त्याच्या डाव्या कडेवरनं वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मुलींनो, आता हा समुद्र आपला." निजामाचं राज्य चहूबाजूंनी कोरडं, त्याला कुठंच किनारा नव्हता. आता आपल्याला समुद्र मिळाला होता आणि आमच्या घरात एकानंही तो पाहिलेला नव्हता. मला ते फार लागलं. नववीत सहामाहीला माझा पहिला नंबर आला तेव्हा आबा खुशीत येऊन म्हणाले, "माग पोरी, काय पायजे ते." मी म्हणाले, "समुद्र दाखवा."

आबा हसले. पण त्या दिवशी मामा आलेला होता. मामाचं उमरग्याला ट्रकांच्या सुट्या भागांचं दुकान. त्यानं हैदराबादेतनं लष्करानं मोडीत काढलेली एक जीप आणून, ठोकून-ठाकून चालती केली होती, आणि ती मिरवायला त्याला निमित्तच हवं होतं. तो म्हणाला, "न्यायचं की दाजी. गाडी माझी, बसायचं तुमी." झालं, सहल ठरली. आबांना किल्ले बघायची हौस; नळदुर्ग वीस मैलांवर, पण तिथला पाणीमहालसुद्धा त्यांनी आत जाऊन पाहिला नव्हता. दादा सोलापूरच्या कॉलेजात विज्ञान शिकत होता, त्याला कोयनेचं धरण आणि डोंगराच्या पोटातलं वीजघर बघायचं होतं. मला समुद्र. आईला काय बघायचंय हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

आखणीचं काम माझ्याकडं आलं. शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून मी मैल मोजले. रस्ता मोटार जाईल असा आहे की नाही हे नकाशा सांगत नाही, म्हणून ओसरीवर उतरणाऱ्या यात्रेकरूंना धरून विचारायची: तुमच्या गावाला पूल आहे का, घाट केवढा आहे, पेट्रोल कुठं मिळतं. माणसं देवीला आलेली, आणि ही पोरगी त्यांना घाटाची वळणं विचारतीय. पण सांगायची बिचारी. दोन महिन्यांत माझी शंभर पानी वही भरली. नळदुर्ग, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, पन्हाळा, आंबा घाट, रत्नागिरी. येताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयना, कऱ्हाड. एकंदर अकरा दिवस.

रत्नागिरीकडची एक बाई चैत्री पुनवेला आली होती. तिनं मला भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, जेवढी येईल तेवढ्या वाजता भरती भरते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. एवढं सोपं! आमच्या घरी पंचांग खुंटीला टांगलेलं असायचं, लग्नमुहूर्तापासून एकादशीपर्यंत सगळं त्यात बघायचे, पण त्यात समुद्र आहे हे मला त्या बाईनं सांगितलं. मी रत्नागिरीचा मुक्काम वैशाख वद्य षष्ठीला बसवला. सहाची पाऊणपट साडेचार. ऊन उतरलेलं असेल आणि पाणी पुरं भरलेलं असेल. दादाला दाखवलं तर तो म्हणाला, "चंद्राच्या ओढीचं हाय ते, बरोबर हाय." कॉलेजातल्या माणसानं बरोबर म्हटल्यावर मी दोन दिवस जमिनीवर नव्हते.

आता राहायचं कुठं हा प्रश्न. आणि इथं मी हातानं घाण केली. आमच्यासारख्या घरातल्या माणसालाच सुचावी अशी ती चूक होती. लॉज, धर्मशाळा असलं काही माझ्या डोक्यातच आलं नाही. मी यजमानांच्या वह्या काढल्या. मिरजेत आमचे यजमान, कोल्हापुरात यजमान, रत्नागिरीला एक जुनं घर, कऱ्हाडला दोन, आणि कोयनेच्या कामावर कारकून असलेला एक, जो धरण बघायचा पास काढून देईल. सगळीकडं हक्काची घरं असताना परक्याच्या दारात कशाला जायचं? आबांनाही ते पटलं. मी पोस्टकार्डं लिहिली. मला पत्र एकाच तऱ्हेचं लिहिता येत होतं, फिरतीचं. वर श्री तुळजाभवानी प्रसन्न, कोपऱ्याला कुंकवाचं बोट, आणि मजकूर ठरलेला: अमुक तिथीस आपले गावी येत आहोत, मुक्काम करू, सर्व मंडळींस देवीचे आशीर्वाद. सहलीला येतोय असं पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. तिथी घातल्या आणि डब्यात टाकली.

उत्तरं यायला लागली. मिरजेहून आलं, गोंधळ ठेवला आहे, सगळ्या भावकीला कळवलं आहे. कोल्हापूरचं आलं, पाच घरं मिळून बोलावतो आहोत, दोन रात्रींच्या आत सोडणार नाही. कऱ्हाडला सुनेचा नवस फेडायचा राहिला होता, तो आता देवीच दारात येतीय म्हटल्यावर फेडून घेणार होते. धरणावरच्या कारकुनानं पास काढला होता, पण त्या दिवशी सकाळी घरी अभिषेक करावा एवढीच विनंती. रत्नागिरीकर तर लिहितात, आमच्या वडिलांच्या हयातीत पुजाऱ्यांचे पाय कोकणात लागले नव्हते, आमचं भाग्य उजळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एकेक कार्ड मी आबांना वाचून दाखवत होते आणि प्रत्येक कार्डाबरोबर आबा थोडे थोडे बदलत होते. पहिल्याला हसले. तिसऱ्याला गप्प झाले. पाचव्याला अंगरख्याला इस्त्री करायला सांगितली.

"आबा, आपण सांगू की त्यांना, आपण फिरायला येतोय म्हणून," मी म्हणाले.

"यजमान गोंधळ मांडून बसला, आन् आपण त्याला काय सांगायचं? आमी धरण बघायला आलोय?"

मी भांडले नाही. मी वही काढली आणि पुन्हा आखणी केली. मिरजेला एक दिवस वाढवला, कोल्हापुरात दोन. पन्हाळा गेला, तो मी जाऊ दिला. किल्ला आबांचा होता, त्यांचं त्यांनी बघावं. समुद्र मात्र सोडला नाही. रत्नागिरी षष्ठीवरनं नवमीवर गेली. नवाची पाऊणपट पावणेसात. वैशाखात पावणेसातला उजेड असतो. अजून जमतंय, असं मी आईला सांगितलं. आई भुईमुगाची चटणी कुटत होती. तिनं दशम्यांचं पीठ वेगळं काढून ठेवलं होतं आणि तिचं एकुलतं एक बाहेर जायचं लुगडं उन्हात टाकून घडी घातलं होतं. तेव्हा मला कळलं की तिलाही यायचं होतं.

निघायच्या चार दिवस आधी मामा जीप घेऊन आला. दुपारची जेवणं चालली होती. आबा पानावरनं मान वर न करता म्हणाले, "गोंधळी संगट घ्यावा लागतोय. तो, त्याचं संबळ, आन् प्रसादाच्या दोन ट्रंका." मामानं मोजलं. म्हणाला, "दाजी, येवढं बसत न्हाय."

"बसतंय. ह्या दोघी येत न्हाईत."

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. आबा पुढं म्हणाले, "ही आता फिरतीच झाली. फिरतीला बायका नेत न्हाईत."

"फिरती कुणी केली?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, मला आठवतंय. "पत्रं मी लिहिली. सहलीसाठी लिहिली."

"लिहिलं तू. खाली नाव माझं हाय."

मामा म्हणाला, "पोरीनं दोन महिनं रस्ता आखलाय दाजी. गाडी माझी हाय, बसंल ती."

"गाडी तुमची हाय, यजमान माझं हायती," आबा म्हणाले, आणि मामानं ताटाकडं बघितलं. एवढाच त्याचा जोर. त्यानं त्या दुपारी जीप फिरवून उमरग्याला नेली असती तर मी जन्मभर त्याचे पाय धुतले असते. दादा तर बोललाच नाही. चंद्राची ओढ समजणारा माणूस, आणि शेजारी बसलेल्या बहिणीच्या डोळ्यांत काय आलंय ते त्याला दिसलं नाही. आमटी वाढून घेतली त्यानं.

आई वाढायची थांबली होती. पळी हातातच होती. ती कधी आबांना उलट बोलत नसे. म्हणाली, "देवी बाईच हाय न्हवं? तिचा अंगारा गाडीत चालतो. बाई चालत न्हाय."

"रीत हाय ती," आबा म्हणाले.  आईनं त्यांना भात वाढला.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय हे मला त्या चार दिवसांत समजलं. मी जेवले नाही, असलं काही नाटक केलं नाही. चांगली जेवले, भांडी आपटली, आणि आबांशी बोलले नाही. निघायच्या सकाळी दादा माझ्याकडं आला आणि म्हणाला, "तुझी ती वही दे. वाटंला लागंल." माझी वही! पुलांची, घाटांची, पेट्रोलची, भरतीची. आणि मी ती दिली. ऐंशीपर्यंत वय काढून मला अजून कळत नाही की मी ती का दिली. बहुतेक मनात होतं की निदान एकानं तरी बघावं आणि येऊन नीट सांगावं. जीप गेली. माझ्या जागेवर संबळ होतं, फडक्यात गुंडाळलेलं. आईच्या जागेवर ट्रंक.

दिवस मी पंचांगावर मोजले. नवमीला सकाळी आडाचं पाणी भरलं, लातूरकडनं आलेल्या यात्रेकरूंच्या मोठ्या मंडळीचा ओसरीवरचा पसारा आवरला, दुपारी आईबरोबर पापड लाटले. पावणेसातला मी आईला म्हणाले, "आता भरली असंल." आई म्हणाली, "बघत असतील." आम्ही दोघी पापड गोळा करत होतो.

ते अठरा दिवसांनी आले. फणस, नारळ, धोतरजोड्या, खण, सगळी जीप भरून यजमानांनी दिलेलं. आबांचा आवाज बसला होता आणि चेहरा समाधानी होता. मी दादाला परसात गाठलं.

"समुद्र केवढा हाय?"

दादा हात धुवायला लागला. मी तिथंच उभी राहिले. शेवटी म्हणाला, "बघितला न्हाय."

आधी मला वाटलं, माझा राग घालवायला खोटं बोलतोय. पण खरं होतं. रत्नागिरीला यजमानाच्या घरापासून समुद्र एक मैल. आवाज घरात येत होता म्हणे. रात्री गोंधळ झाला, दिवस झोपण्यात गेला, संध्याकाळी आबांची पाद्यपूजा झाली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कऱ्हाडची वाट धरली. पन्हाळा त्यांनी खालून पाहिला. कोयनेला कारकुनाच्या घरी अभिषेक लांबला आणि पासाची वेळ टळली. नळदुर्गाला गाडी थांबलीसुद्धा नाही. तीन माणसं, एक जीप, माझी शंभर पानं, आणि ह्यांनी बघितलं काय? गोंधळ. जो आमच्या दारात बारा महिने असतो.

"तू एकटा जायचंस की. पाय नव्हते?"

"आबा म्हणले, समुद्र काय पळून चाललाय का."

मग दादा जरा घुटमळला. म्हणाला, "तुझ्यासाठी गाडी जुंपली होती त्यांनी."

आता एक कबूल करते. रत्नागिरीच्या पत्रात मी एक ओळ जास्तीची घातली होती. आमच्या मुलीस समुद्र पाहावयाची फार इच्छा आहे. आबांना पत्र वाचून दाखवताना ती ओळ मी गाळली होती. त्या घरातल्या बाईनं मात्र ती वाचली होती. तिनं नवमीला दुपारपासून बैलगाडी दारात उभी केली होती, आत चटई अंथरली होती, उन्हासाठी वर कापड ताणलं होतं. जीप थांबल्यावर ती पुढं आली, आत वाकून बघितलं, आणि आबांना विचारलं, "मुलगी कुठं आहे?"

"मग आबा काय म्हणले?"

"म्हणले, तिला बरं न्हाय. म्हणून आणली न्हाय."

मला बरं नव्हतं! ज्या दिवशी मी आडावरनं चाळीस घागरी पाणी ओढलं त्या दिवशी मला बरं नव्हतं. अहो, रीत होती ना तुमची? इतकी पक्की रीत की त्यापायी घरच्या दोन बायका उंबऱ्याच्या आत ठेवल्या, मग ती त्या बाईच्या तोंडावर सांगायची होती. आमच्यात फिरतीला बायका नेत नाहीत, असं छाती पुढं काढून सांगायचं. ते सांगवलं नाही. त्या बाईनं जुंपलेली गाडी बघितली आणि जीभ अडली. म्हणजे आबांना ठाऊक होतं. आमच्या घरात भात कालवताना ज्याला रीत म्हणत होते, त्याची त्यांना परक्या दारात लाज वाटली. न नेण्याचं मी एक वेळ सोसलं असतं. हे मला सोसलं नाही, आजही सोसत नाही.

आबांना मी तेव्हा काही बोलले नाही. त्यांनी माझ्यासाठी कोल्हापूरचा खण आणला होता, तो आईकडं दिला. पाऊस आला, शाळा सुरू झाली, मी मॅट्रिकच्या वर्गात गेले. नवरात्र झालं. पुनवेची गर्दी ओसरली तसे आबा एका सकाळी पोस्टकार्डांचा गठ्ठा आणि दौत घेऊन आले, आणि दरवर्षीसारखं माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "घे पोरी. फिरतीची पत्रं लिहायचीत."

"मला बरं न्हाय," मी म्हणाले.

आबा खाली बसले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला. तेवढी माया त्यांना होती, ते मी नाकारत नाही.

"ताप तर न्हाय की," ते म्हणाले.

"वैशाखातबी नव्हता."

आबांचा हात तसाच माझ्या गळ्यापाशी राहिला. स्वयंपाकघरात आईच्या पोळपाटाचा आवाज थांबला होता. मग त्यांनी हात काढून घेतला, गठ्ठा उचलला, आणि दादाला हाक मारली. त्या घरातनं पुन्हा एकही पत्र मी लिहिलं नाही.